उजवा हात, डावा हात

"ज्यांना उत्तर येतंय त्यांनी उजवा हात वर करायचा. ज्यांना येत नाही त्यांनी डावा. पण हात मात्र सगळ्यांनी वर करायचा. कळलं?"

कराडच्या शाळेत हे वाक्य मी वर्षानुवर्षं म्हटलं होतं, साहेबांची तपासणी यायच्या आदल्या दिवशी. साहेब वर्गात शिरले की पोरांच्या हातांचं जंगल उभं राहायचं. साहेब खूश, मुख्याध्यापक खूश. आणि मी आपली हळूच उजवा हात हेरून म्हणायची, "हं, तू सांग गं." आमच्या शाळेचा शेरा कायम 'उत्तम'.

फक्त त्या दिवशी हे वाक्य मी इंग्रजीत म्हणत होते. कॅनडात, ब्रॅम्प्टनमधल्या एका लाँड्रीच्या जेवणाच्या खोलीत. आणि समोर बसलेल्या माझ्या विद्यार्थिनींमध्ये नातवंडं नाहीत अशी एकही नव्हती. एक मारिसेल सोडून. ती मनिलाची, अजून लग्नाचं बघत होती.

लाँड्री म्हणजे साधीसुधी नव्हे. गावातल्या इस्पितळांच्या चादरी, अभ्रे, रोग्यांचे गाऊन पोत्यांनी तिथं यायचे. बायका पोती उपसायच्या, कपडे वेगळे करायच्या, मग धुणं, वाळवणं, घड्या. बायका कुठकुठल्या! पंजाबच्या, इथिओपियाच्या, सीरियाच्या, आणि एक आपली तासगावची. बहुतेक सगळ्या एजन्सीमार्फत घेतलेल्या, म्हणजे उद्या येऊ नका म्हटलं की विषय संपला. त्यांना 'कामाच्या जागी आत्मविश्वासाने इंग्रजी' शिकवायला सरकार पैसे द्यायचं. ते पैसे एका संस्थेकडे यायचे, आणि संस्था मला पाठवायची. या संस्थेतून मी परवापरवा निवृत्त झाले, निरोपाला डोनट होते. पण मी सांगतेय तेव्हा माझी नोकरीही त्या बायकांसारखीच होती. दर सहा महिन्यांनी करार संपायचा, आणि पुढचा होईल की नाही ते आमच्या समन्वयक चेरिलबाईंच्या चेहऱ्यावरून ओळखायचं.

चेरिलला सगळंच आवडायचं, हा तिचा मोठा दोष. काहीही सांगा, "लव्ह इट!" माझं नाव निर्मला बिडकर. ते तिला जमेना म्हणून तिनं 'निमी' केलं, आणि वर म्हणाली, "लव्ह इट!"

"निमी," ती त्या आठवड्यात म्हणाली, "बुधवारी निधी देणाऱ्या खात्याच्या निरीक्षक येताहेत. पॅट्रिशिया. त्यांना धडा सहा बघायचाय."

धडा सहा: आवाज उठवणे. कामावर काही अडचण असेल तर ती साहेबांना नम्रपणे कशी सांगायची, असा तो धडा. आधी शुभेच्छा द्यायच्या, मग वीकेंड कसा गेला ते विचारायचं, मग वेळ दिल्याबद्दल आभार मानायचे, मग म्हणायचं, 'आय हॅव अ कन्सर्न.' घर पेटलं असलं तरी याच क्रमानं.

"म्हणजे एखादी बाई तक्रार करून दाखवेल," मी म्हटलं.

"तक्रार नाही गं! कन्सर्न. आणि पॉझिटिव्ह हवा."

"पॉझिटिव्ह तक्रार?"

"एक्झॅक्टली! लव्ह इट!"

लाँड्रीचा मॅनेजर डग, त्याच्याशी चर्चा करून पॉझिटिव्ह तक्रार ठरली. जेवणाच्या खोलीतल्या मशीनची कॉफी कोमट येते. डगनं ही तक्रार स्वतः मंजूर केली. इतकंच काय, तिचं निवारण करायला नवीन मशीन आधीच आणून, खोक्यात घालून, वर टेबलक्लॉथ टाकून ठेवलं. मॅनेजरची भूमिकाही मॅनेजरच करणार होता, म्हणजे प्रसंग अस्सल वाटेल. चेरिलनं त्याला कार्डावर वाक्यं लिहून दिली. तक्रार करणार होती मारिसेल, जिचं इंग्रजी माझ्यापेक्षा फाडफाड होतं. मग ती वर्गात कशाला, असं विचाराल. पटसंख्या कमी पडत होती.

आमच्या शाळेतही तपासणीला शेजारच्या वाडीवरची पोरं आणून बसवायचे. मी म्हटलं, चला, कुठंही गेलं तरी आपलं शिक्षण वाया जात नाही.

वर्ग सुटला तशी द्वारकाबाई मागं रेंगाळली. द्वारकाबाई मोहिते, आमची तासगावची. मुलानं आणलेली. घरात बसून काय करायचं म्हणून लाँड्रीत लागलेली. डोक्याला निळा रुमाल, स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, हातात पाटल्या-बांगड्या. मला 'बाई' म्हणायची. त्या अख्ख्या खंडात मला बाई म्हणणारं तेवढं एकच माणूस होतं, त्यामुळं ती आली की मला उगीच फळ्याजवळ उभं असल्यासारखं वाटायचं.

"बाई, मला बी कन्सर्न हाय."

"कॉफीचा?"

"कॉफी कोन पितंय! हातमोज्यांचा." तिनं खिशातून हातमोजा काढून घातला. पातळ, दुधाच्या सायीसारखा. आतून बोटांवरच्या भेगासुद्धा दिसत होत्या. "एजन्सीच्या बायकांना हे. कंपनीच्या बायकांना जाड, कोपरापतूर. सुया काय बघून टोचत्यात व्हय, ही एजन्सीची आनि ही कंपनीची म्हनून?"

मला माहीत होतं. इस्पितळातली घाईची माणसं कधीकधी चादरीत सुई विसरतात. ती चादर पोत्यातून इथं येते. मागच्या हिवाळ्यात द्वारकाबाईच्या बोटात अशीच सुई घुसली होती. कुणाच्या अंगातून निघालेली, कसल्या रोगाची, काही पत्ता नाही. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि पुन्हापुन्हा बोलावलं. सगळं स्वच्छ आहे असं शेवटी कळेपर्यंत महिने गेले. तेवढ्या महिन्यांत या बाईनं घरातल्या तान्ह्या नातवाला हात लावला नाही. डॉक्टर सांगत होते, तसं मांडीवर घेतल्यानं काही होत नाही. पण हिच्या मनाची तयारी नव्हती. पोरगं रडायचं आणि ही दारात उभी राहून लांबूनच 'ओ रं, ओ रं' करायची. हे तिनं मला सांगितलं तेव्हा मला घरी जाऊन जेवण गेलं नव्हतं.

"काल पुन्यांदा एक घावली," ती म्हणाली. "नशीब, दिसली म्हनून."

"सुपरवायझरला सांगितलंत?"

"सांगितलं की. 'ओके' म्हनला. हितं ओके म्हंजी काय असतंय, बाई?"

काय सांगणार, कपाळ! मी म्हटलं, "द्वारकाबाई, बुधवारी मात्र हे काढू नका. बाहेरची माणसं येणार. मॅनेजर चिडला तर तुमचं काम जाईल. आणि वर्ग बंद पडला तर माझंही. नंतर बघू."

"नंतर म्हंजी कवा?"

"नंतर म्हणजे... नंतर."

"म्हंजी ओकेच," ती म्हणाली आणि हातमोजा घडी करून खिशात ठेवला.

बुधवार उजाडला. डग टाय लावून आला होता. तो टाय त्याच्या गळ्याला आणि तो गळा त्या टायला नवीन असावा. चेरिलनं डोनट आणले होते. पॅट्रिशियाबाई बुटक्या, चष्म्याला साखळी लावलेल्या, मांडीवर पॅड घेऊन कोपऱ्यात बसल्या. नाही म्हटलं तरी मला आमच्या विस्तार अधिकाऱ्यांची आठवण झाली. फक्त ते डोनटऐवजी पोहे खायचे.

मी धडा सुरू केला. 'वीकेंड कसा गेला?' हा सराव छान झाला. त्यावर काय उत्तर द्यायचं हे शिकवताना मला आधी घाम फुटला होता. द्वारकाबाई पहिल्यांदा खरं सांगत बसली होती. शनिवारी आठवड्याचं दळण, रविवारी कणसं सोलली, सुनेची कंबर धरली होती. 'नुसतं नथिंग मच म्हणायचं,' असं मी सांगितल्यावर तिनं विचारलं होतं, "सांगायचंच न्हाई तर इचारत्यात कशाला?" आता मात्र साऱ्याजणी एका सुरात 'नथिंग मच' म्हणाल्या. पॅट्रिशियाबाईंनी मान डोलावली.

मग मी ठरलेला प्रश्न टाकला. "कामाबद्दल कुणाला काही सांगायचंय?"

सगळे हात वर. जंगल! चेरिलनं छातीवर हात ठेवला. मी मारिसेलच्या उजव्या हाताकडं बघून तोंड उघडलं, तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला.

"मी निवडू का? त्या मागच्या, निळ्या रुमालवाल्या. त्या मघापासून काही बोलल्या नाहीत."

द्वारकाबाईचा हात वर होता. डावा. बांगड्या सरकून कोपराशी आलेल्या.

एवढ्या वर्षांच्या नोकरीत एकाही साहेबानं असा घात केला नव्हता! साहेब लोक पोह्यांकडं बघायचे, पोरांकडं कुठं बघायचे? मी म्हटलं, "त्या जरा लाजाळू आहेत..."

"मग तर हव्याच," पॅट्रिशियाबाई म्हणाल्या.

द्वारकाबाई उठून उभी राहिली. पदर नव्हता तरी खांद्यावरून हात फिरवलाच तिनं.

"गुड मॉर्निंग, डग. हाऊ वॉज युवर वीकेंड?"

डगनं कार्डाकडं पाहिलं. "नथिंग मच."

"थँक यू फॉर युवर टाइम. आय हॅव अ कन्सर्न."

क्रम एकदम बरोबर. बाई म्हणून मला इतकं बरं वाटलं की पुढचं संकट क्षणभर विसरलेच. तिनं स्वेटरच्या खिशातून गोळ्यांची रिकामी बाटली काढली आणि डोनटशेजारी ठेवली. आत सुई.

"धिस, नीडल. बेडशीट इनसाइड." मग पातळ हातमोजा घालून पंजा त्याच्यासमोर धरला. "धिस, माय ग्लव्ह. नीडल कम, ग्लव्ह नो स्टॉप." ती थांबली. शब्द शोधत होती. मी शिकवलेल्यातला एकही तिला पुरेसा वाटत नसावा. शेवटी म्हणाली, "आय अ‍ॅम ग्रँडमदर."

डगनं कार्ड उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी.

"आय वुड अप्रिशिएट थिक ग्लव्ह. ऑल एजन्सी लेडी. थँक यू, डग." आणि ती बसली.

डगच्या तोंडचं पाणी पळालं होतं. बुडत्या माणसानं धरावी तशी त्यानं कार्डाची कड धरली आणि वाचायला सुरुवात केली. "थँक यू, मारिसेल, हे माझ्या लक्षात आणून दिल्याबद्दल. तुमची सोय आमच्यासाठी महत्त्वाची आहे. शुक्रवारपर्यंत मी याची व्यवस्था करतो." पुढं कार्डावर कंसात 'टेबलक्लॉथ काढा' असं लिहिलेलं होतं. त्यानं काढला. खाली कॉफीचं मशीन.

पॅट्रिशियाबाई टाळ्या वाजवायला लागल्या. मग चेरिल वाजवायला लागली. मग साऱ्याजणी.

"किती अस्सल!" पॅट्रिशियाबाई म्हणाल्या. "वर्गात प्रत्यक्ष वस्तू आणून शिकवणं किती कमी बघायला मिळतं! आणि मॅनेजरकडून तारखेसकट ठोस शब्द. डग, तुमच्याकडं विनोदबुद्धीही आहे!"

डगनं टाय सैल केला.

सगळे गेल्यावर मी द्वारकाबाईला धरलं. "अहो, मी काय सांगितलं होतं? आणि तुम्ही डावा हात वर केला होतात ना? येत नसेल त्यानं डावा!"

"मग? उत्तर मला कुठं येत हुतं?" ती म्हणाली. "तेच तर इचारायचं हुतं."

मग मी तिची समजूत घालायला लागले. "हे बघा, आता शुक्रवारची वाट बघत बसू नका. ते नाटक होतं."

"नाटक?"

"म्हणजे सराव. खोटं खोटं."

द्वारकाबाईनं विचार केला. खरंच केला, मला दिसत होतं.

"मॅनेजर तर खराच हाय की," ती म्हणाली. "मी बी खरीच. सुई बी खरी. मग खोटं काय हुतं, बाई? शुक्रवार?"

त्या दिवशी घरी येऊन मी आमच्या ह्यांना सगळं सांगितलं. हे तिकडे सांगलीच्या बँकेत अधिकारी होते, इकडे एका गोदामात रात्रपाळीचे पहारेकरी. हे पोट धरून हसले. मग एकदम थांबून म्हणाले, "पण निमू, तुला काय वाटतं? द्यायला नकोत हातमोजे?"

"मला काय वाटतं ते विचारायला मी कोण? माझा करार संपत आलाय."

"ते झालं. पण वाटतं काय?"

मी रागानं भाकरी थापायला घेतली. त्या दिवशी भाकरी चांगल्या फुगल्या.

गुरुवारी धडा सातवा होता. तो मी मुद्दाम शिकवला असं नंतर चेरिलचं म्हणणं पडलं. अहो, सहाव्यानंतर सातवाच येतो! धडा सातवा: पाठपुरावा. कुणी अमुक दिवशी अमुक करतो म्हणाला, की त्या दिवशी जाऊन हसतमुखानं आठवण करून द्यायची. 'आय अ‍ॅम जस्ट फॉलोइंग अप ऑन अवर कॉन्व्हर्सेशन.' एवढं एक वाक्य. पुस्तकात गृहपाठही दिला होता: प्रत्येकानं या आठवड्यात प्रत्यक्ष एका व्यक्तीकडं पाठपुरावा करावा. मी तो फळ्यावर लिहिला. जरा ठळक लिहिला असेन.

शुक्रवारी पाळी सुरू व्हायच्या आधी डगच्या दारासमोर रांग. पुढं द्वारकाबाई, मागं बाकीच्या. एकेकीनं आत जायचं, म्हणायचं, "गुड मॉर्निंग, डग. हाऊ वॉज युवर वीक? आय अ‍ॅम जस्ट फॉलोइंग अप ऑन अवर कॉन्व्हर्सेशन," आणि उत्तराची वाट बघत हसत उभं राहायचं. पहिल्या दोघींना तो हसला. तिसरीला म्हणाला, "ओके, ओके." चौथीनं विचारलं, "ओके म्हणजे कधी?" हे पुस्तकात नव्हतं. ते तासगावचं होतं. पुढं त्यानं खिडकीचा पडदा लावून घेतला, पण दार लावता येईना, कारण दारात नेहमी कुणीतरी हसत उभं असायचं. कुणाला ओरडणार? एकीनंही आवाज चढवला नव्हता. उलट दोघींनी त्याच्या टायचं कौतुक केलं.

दुपारी चेरिल धावत आली. डगला बरोबर घेऊन थेट माझ्या वर्गात.

"निमी, प्लीज, यांना समजावून सांग की तो रोल-प्ले होता. ते वचन नव्हतं. त्यांच्या भाषेत सांग."

"कोणत्या भाषेत?"

चेरिल गोंधळली. "म्हणजे... तुमच्या."

समोर चार देशांच्या बायका बसलेल्या. मी खडूची धूळ झटकली आणि अस्सल मराठीत सांगितलं, "या बाईंचं म्हणणं आहे की मॅनेजरनं शुक्रवार म्हटलं ते खरं नव्हतं. ते फक्त पाहुण्यांसमोर बोलायचं होतं. तेव्हा आता कुणी त्याच्या दारात जाऊ नये. असं तिचं म्हणणं आहे."

इथिओपियाची त्सेहाय माझ्याकडं बघत राहिली. पंजाबच्या बलविंदरला थोडं कळलं असावं, कारण तिनं भुवया उडवल्या. द्वारकाबाईनं विचारलं, "आनि तुमचं म्हननं?"

तेवढ्यात चेरिल म्हणाली, "काय म्हणाल्या त्या?"

आता काय सांगायचं? एका बाजूला माझा करार. दुसऱ्या बाजूला दारात उभी राहून 'ओ रं, ओ रं' करणारी आजी. मी द्वारकाबाईला म्हटलं, "माझं म्हणणं फळ्यावर आहे." गृहपाठ अजून पुसलेला नव्हता. आणि चेरिलला म्हटलं, "त्या विचारताहेत, अजून काही प्रश्न आहे का म्हणून."

"नाही, नाही, प्रश्न काही नाही!" चेरिल हात जोडल्यासारखं करत सगळ्यांकडं वळली आणि तिच्या त्या गोड, मोठ्या, सावकाश आवाजात म्हणाली, "सगळ्यांना समजलं ना, की तो फक्त सराव होता? समजलं असेल तर हात वर करा."

हात वर झाले. सगळे. एकही खाली नाही. मारिसेलचासुद्धा.

सगळे डावे.

मी फळ्याकडं तोंड केलं. नाहीतर हसू फुटलं असतं, किंवा रडू. दोन्ही तयार होतं.

"बघ," चेरिल डगला म्हणाली, "नीट सांगितलं की समजतं." डगनं कित्येक तासांनी श्वास सोडला. "सगळ्यांना कळलंय ना, निमी?"

"हात वर आहेत ना," मी म्हटलं.

सोमवारी पुन्हा रांग. "गुड मॉर्निंग, डग. हाऊ वॉज युवर वीकेंड?"

आणि त्याच दिवशी पॅट्रिशियाबाईंचा ईमेल आला. भेट अविस्मरणीय झाली होती. अहवालात त्यांनी आमचा वर्ग आदर्श म्हणून घातला होता. नवशिक्या कामगार बाईनं सुरक्षेचा मुद्दा मांडला आणि मॅनेजरनं तिथल्या तिथे शुक्रवारपर्यंत जाड हातमोजे द्यायचं कबूल केलं, असं सविस्तर. आता खात्याच्या माहितीपत्रकासाठी एक फोटो हवा होता. सगळ्या बायका, नव्या हातमोज्यांसह. त्या स्वतः छायाचित्रकार घेऊन बुधवारी येत होत्या. मॅनेजरही फोटोत हवेत, असं खाली लिहिलं होतं.

डगनं तो ईमेल कंपनीच्या मुख्य कचेरीला पाठवला. त्याला वाटलं असावं, वरचे लोक काहीतरी मार्ग काढतील. वरचे लोक म्हणाले, माहितीपत्रकात आपलं नाव मोठ्या अक्षरांत येईल ना ते बघ.

बुधवारी खोकी आली. निळे, जाड, कोपरापर्यंतचे हातमोजे. बायकांनी ते घातले, बोटं उघडझाप करून बघितली. द्वारकाबाईनं बाटलीतली सुई काढून अंगठ्यावर दाबून पाहिली. "जात न्हाई," ती माझ्याकडं बघून म्हणाली. तेवढंच. पण तोंडावर जे काही होतं ते मी आजही विसरले नाही.

फोटो झाला. डोनट आले. आणि पॅट्रिशियाबाई दुसरा डोनट उचलत असतानाच सुपरवायझर रिकामं खोकं घेऊन रांगेतून फिरायला लागला. "ग्लव्ह परत. फोटो झाला."

मला वाटलं, संपलं. इतकं चांगलं झालेलं कुठं टिकतं?

खोकं पहिल्यांदा मारिसेलपाशी आलं. ती गोड हसली. "आय अ‍ॅम अफ्रेड दॅट वोन्ट बी पॉसिबल अ‍ॅट धिस टाइम."

धडा तिसरा! सौजन्यपूर्वक नकार. मी कधीच शिकवून विसरले होते.

खोकं बलविंदरपाशी गेलं. "आय अ‍ॅम अफ्रेड दॅट वोन्ट बी पॉसिबल अ‍ॅट धिस टाइम." त्सेहायपाशी गेलं. तेच. द्वारकाबाईला इतकं लांब जमेना. ती म्हणाली, "आय अ‍ॅम नॉट अफ्रेड. नो."

पॅट्रिशियाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "हेही धड्यात आहे?"

"हो, हो," डग म्हणाला, आणि सुपरवायझरच्या हातातून खोकं काढून घेऊन त्यात डोनटचे कागद टाकायला लागला. हातमोजे गेले ते गेलेच, बायकांच्या हातांवर.

महिना संपला तशी चेरिलनं मला कचेरीत बोलावलं. माहितीपत्रक छापून आलं होतं. मुखपृष्ठावर आमचा वर्ग, डग मध्यभागी, दात दाखवून. चेरिलनं ते माझ्यासमोर ठेवलं आणि खुर्ची ओढली. ती खुर्ची ओढून जवळ बसली की समजावं.

"निमी, बातमी खूप छान आहे. कंपनीनं कळवलंय, की त्यांच्या कामगारांना आता पुरेसं इंग्रजी येतं. किंबहुना थोडं जास्तच. त्यामुळं वर्ग पुढं चालवायची गरज नाही. किती मोठं यश आहे हे!"

"आणि माझा करार?"

"वर्गच नाही म्हटल्यावर..." तिनं माझ्या हातावर हात ठेवला. "दुसरीकडं काही निघतंय का बघते. शुक्रवारपर्यंत नक्की कळवते. समजतंय ना तुला?"

खिडकीतून बाहेर ब्रॅम्प्टनचा नेहमीचा पार्किंगचा पट्टा दिसत होता. मला आमचं शाळेचं मैदान आठवलं, तपासणीनंतर मोकळं झालेलं. इतक्या तपासण्या मी पार पाडल्या, त्यात स्वतःचा हात कधी वर केला नव्हता. बाई हात वर करत नसतात.

मी हात वर केला.

चेरिल हसली. "अगं, हात काय वर करतेस!" मग जरा निरखून म्हणाली, "तू डावखुरी आहेस? माझ्या कधी लक्षातच आलं नाही."

"आजपर्यंत नव्हते," मी म्हटलं.

शुक्रवारी सकाळी नेसायला चांगली साडी काढली, वरून कोट घातला, आणि बसमध्ये वाक्य घोकत गेले. हसू नका. दुसऱ्याला शिकवणं वेगळं आणि आपण म्हणणं वेगळं. 'गुड मॉर्निंग, चेरिल. आय अ‍ॅम जस्ट फॉलोइंग अप...' पुढं आवाज फुटेल की नाही याचीच धास्ती.

जिना चढून वर गेले तर चेरिलच्या दारासमोर रांग लागलेली. कामाचे कोट अंगात, पाळीला जायच्या आधी आलेल्या. बलविंदर, त्सेहाय, मारिसेल, सगळ्या. सर्वांत पुढं निळा रुमाल; चेरिलच्या शुक्रवारचं मी फोनवर तिलाच तेवढं सांगितलं होतं. आतून चेरिलचा आवाज येत होता, "ओके... ओके..."

माझे डोळे भरून आले. मी पुढं जायला लागले तशी द्वारकाबाईनं हात आडवा केला.

"बाई, तुमी मागं," ती म्हणाली. "रांगेनं."